बॅडमिंटन: तुमची रॅकेट, तुमचे शूज, तुमचं फूल (अनुभव धागा)

माळ्यावरची
माळा आवरताना बाबांची लाकडी रॅकेट सापडली, चार कोपऱ्यांना स्क्रू असलेल्या चौकटीत आवळलेली. दमट हवेत लाकूड वाकतं, म्हणून खेळून आले की बाबा आधी ते स्क्रू पिळायचे, पाणी नंतर. हातात घेतल्यावर वजन कळलं! आता लेकीला पहिली चांगली रॅकेट घ्यायचीय. तुम्ही काय बघून घेतलीत? सविस्तर लिहा.

ड्रॉपशॉट
मस्त धागा. वजन बघ आधी. मुठीजवळ ३यू, ४यू असं लिहिलेलं असतं. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४, ५यू ७५ ते ७९. आकडा वाढला की रॅकेट हलकी. मी डबल्सवाला, ४यू सोडून दुसरी हातात धरवत नाही.

स्वरा_के
वजनापेक्षा बॅलन्स! एकाच वजनाच्या दोन रॅकेट बोटावर आडव्या तोलून बघ. डोक्याकडे झुकते ती हेड हेवी, स्मॅशला जोर मिळतो पण नेटजवळ हात उशिरा पोचतो. शिकणाऱ्या मुलीला मधल्या बॅलन्सची, लवचिक दांड्याची दे. कडक दांडा वाकवायला स्विंगला वेग लागतो, तो हळूहळू येतो.

नेटवरचा
गटिंगचं, म्हणजे तारा ताणून बसवण्याचं, कोणीच बोलत नाहीये. मला न विचारता २८ पाउंडाला ताणून दिली होती. फूल उडेचना, वर कोपर धरलं. २२ वर आणली आणि क्लिअर (उंच, लांब मारलेला फटका) परत बेसलाइनपर्यंत, म्हणजे मागच्या रेषेपर्यंत, जायला लागला. ताण जास्त की जाळीचा गोड भाग (जिथे फटका सगळ्यात छान बसतो तो) लहान, फटका अचूक बसला तरच फायदा. नवख्यांनी २० ते २४ मध्येच राहावं.

संध्याकाळची बॅच
शूज शूज शूज!! रनिंगचे घालून कोर्टवर येऊ नका प्लीज. त्यांची टाच उंच आणि मऊ, आडवी उडी घेतली की घोटा वळतो. माझ्या पार्टनरचं लिगामेंट माझ्यासमोर फाटलंय, तो आवाज अजून कानात आहे. सपाट, गम रबरी तळाचेच घ्या. रॅकेट स्वस्त चालेल.

स्वरा_के
अरे देवा. आता कशी आहे ती?

संध्याकाळची बॅच
खेळतेय गं, पट्टा बांधून. फिजिओ एका पायावर उभं राहायला लावतात रोज. दूध उतू चाललंय, आले.

पिसारा
फुलांबद्दल लिहितो. पिसं १६, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, नियमच आहे तसा. डब्यावर ७६, ७७ असा वेग असतो. उकाड्यात हवा विरळ, फूल लांब जातं, तेव्हा कमी आकड्याचं घ्यायचं. प्लास्टिकच्या फुलावर हिरवी पट्टी हळू, निळी मध्यम, लाल वेगवान. पिसं कोरडी पडली की पटापट तुटतात, मी आदल्या रात्री डब्याला थोडी वाफ देतो.

ड्रॉपशॉट
वाफेला +१. बुचाकडून नको, पिसांच्या बाजूने.

नेटवरचा
आणि तार तुटली की बाकीच्या तारा लगेच कापून टाका, मधून सुरुवात करून. ताण एकीकडे राहिला की फ्रेम वाकते.

बेसलाइन
@माळ्यावरची, बाबा खेळतात अजून?

माळ्यावरची
गुडघ्यांमुळे सोडलं. पण टीव्हीवर मॅच लागली की लाइन कॉल तेच देतात, अंपायरच्या आधी :) ५यू, मधला बॅलन्स, २२ पाउंड लिहून घेतलं. लेक डावखुरी आहे, वेगळी रॅकेट लागते का?

पिसारा
नाही, तीच चालते. फक्त मुठीवरची ओव्हरग्रिप उलट्या दिशेने गुंडाळ. तयार गुंडाळी उजव्या हाताची असते, डाव्या तळव्याखाली कडा उचकटत राहतात. आणि मूठ बारीक घे, बारीक वाटली तर वर ग्रिप चढवता येते पण लाकूड कमी करता येत नाही.