"बेळगावात माणसंच मिळत नाहीत" म्हणणाऱ्या कारखानदारांना

टूलरूमवाला, मच्छे

परवा ग्रुपवर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारांची पोस्ट फिरत होती. "बेळगावात कामाची माणसं मिळेना झालीत. आयटीआयवाल्याला मोजमाप घेता येत नाही, डिप्लोमावाल्याला केबिन पाहिजे. शेवटी बिहार-ओडिशाची पोरं आणून काम चालवायलोय." खाली सगळे "अगदी बरोबर साहेब" म्हणायलेत. मी व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) सेटिंग करतो, माझ्या हाताखाली इथलीच पोरं आहेत. गप्प बसवेना म्हणून लिहितोय.

साहेब, तुम्ही माणसं शोधता कुठं? जागा रिकामी झाली की पहिला फोन कॉन्ट्रॅक्टरला. मग सुपरवायझरला, "तुझ्या ओळखीत कोण आहे काय बघ." तेही जमलं नाही की व्हॉट्सअॅपवर मेसेज: "ऑपरेटर पाहिजे, अनुभव ३ वर्षे, पगार मुलाखतीत ठरेल." पगार माहीत नसताना होनग्याहून नाहीतर शिनोळीहून कोण हजेरी बुडवून येणार? आणि ३ वर्षांचा अनुभव सगळ्यांनाच पाहिजे असेल तर पहिलं वर्ष कुणाकडं काढायचं?

अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, कॉन्ट्रॅक्टची माणसं धरून. त्याहून छोट्या युनिटलाही घेता येतात. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. उद्यमबागेत किती जण घेतात?

आमच्याकडं एक फिटर झालेला पोरगा आला. मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) धरला की थिंबल, म्हणजे त्याची फिरती नळी, हातानं आवळायचा; टोकाचा रॅचेट, जो ठरावीक दाब आला की टकटक वाजून सुटतो, तो फिरवायचाच नाही. रीडिंग दरवेळी कमी यायचं. तुमच्याकडं असता तर "मोजमाप येत नाही" म्हणून संध्याकाळी घरी गेला असता. आम्ही शेजारी उभं राहून रॅचेट तीनदा वाजेपर्यंत फिरवायला लावला. आज तो मशीनमध्ये टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाचे आकडे, स्वतः टाकतोय. तयार माणूस गावात सापडत नसतो ओ, गावातला घेऊन तयार करायचा असतो.

कारखानदार, उद्यमबाग

ती पोस्ट माझीच. कायदे मला शिकवू नका, पंधरा तारखेला बँकेचा हप्ता मी भरतो. पोरगं शिकेपर्यंत इन्सर्ट (कापायची पाती) फुटतात, जॉब (बनवलेले भाग) रिजेक्ट होतात, पुण्याची पार्टी पैसे कापते. हात बसला की महाराष्ट्रातल्या कागलच्या कारखान्यातून दोन-तीन हजार जास्तीचा फोन येतो आणि पोरगं माझा फोन उचलायचं बंद होतं. असं एकदा नाही, तीन पोरांनी केलं. शिकवायचं मी आणि वापरायचं दुसऱ्यानं. म्हणून आता एसएसएलसीचं (दहावीचं) ओरिजिनल मार्क्सकार्ड ठेवून घेतो, वर्षभर टिकला की परत. आणि फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या जॉबच्या कडा घासायला, ग्राइंडर धरायला इथलं कुठलं पोरगं तयार आहे, तेही सांगा.

निपाणीकर

थांबा. मार्क्सकार्ड ठेवून घेता? आणि हे इथं उघड लिहिता?

माझ्या धाकट्या भावाचं असंच एका कंपनीनं अडकवलं होतं. सरकारी भरतीत नाव लागलं, कागदपत्रं तपासायला ओरिजिनल घेऊन बोलावलं. मालक गावाला गेलेत, चावी त्यांच्याकडं, असं उत्तर. मुदत संपली, जागा गेली. तो आज चाळिशीकडं आलाय, घरी अजून त्या विषयावर कुणी बोलत नाही. पोरगं पळतंय म्हणून त्याचं शिक्षणच कुलपात घालायचं?

आम्ही निपाणीची पोरं रोज कागलला जातो, गोकुळ शिरगावला जातो. कंपनीची बस, कँटीन, पीएफ कापल्याची पगारस्लिप हातात. महिन्याला सात-आठ हजारांचा फरक नसतोच, तुम्हीच दोन-तीन म्हणालात. मग पोरं का जातात याचा विचार करा.

सीमावासी

मूळ मुद्दा कुणी बोलेना. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं विधेयक मंजूर केलं, खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि बाकीच्या ७० टक्के जागा स्थानिकांना. स्थानिक कोण? इथं जन्म, १५ वर्षं वास्तव्य आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता आलं पाहिजे. उद्योगवाल्यांनी ओरड केली म्हणून बाजूला ठेवलं, नाहीतर चार पिढ्या इथं राहिलेल्या मराठी पोरानं परीक्षा द्यायची होती.

टूलरूमवाला, मच्छे

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण उद्यमबागेत मशीनवर कुणी भाषा विचारत नाही. माझ्या शिफ्टला कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही चालतात. हा धागा तिकडं नेऊ नका.

सीमावासी

तुमच्या मशीनवर विचारत नसतील. ऑफिसच्या फॉर्मवर विचारतात. मला विचारलंय.

कारखानदार, उद्यमबाग

निपाणीकर, तुमच्या भावाचं वाईट झालं. पण मी कुणाचं अडवलेलं नाही, मागितलं की देतो.

निपाणीकर

मागायला हिंमत लागते साहेब. अठरा वर्षांचं पोरगं तुमच्या टेबलासमोर उभं राहून "माझं कार्ड द्या" म्हणेल?

निवृत्त निदेशक

मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवला, दोन्ही बाजू बघितल्यात. मार्क्सकार्ड ठेवून घेणं चूक, त्यावर वाद नको. पण पोरंही न सांगता जातात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी जागेवर कुणी नाही, हे मी माझ्याच विद्यार्थ्यांचं ऐकलंय आणि त्यांना घरी जाऊन बोललोय.

कारखानदारांना एवढंच म्हणेन की तुम्ही संस्थेत येता ते निकाल लागल्यावर. तोपर्यंत चांगली पोरं गोव्याला वेर्ण्याला गेलेली असतात. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला या. तुमच्याकडचं एक ड्रॉइंग आणा, रिजेक्ट झालेले जॉब आणा, पोरांना चूक शोधायला लावा. कोण काय लायकीचा आहे ते तासाभरात तुम्हालाच दिसेल.

खानापूरची लेक

सगळे "पोरं, पोरं" म्हणायलेत म्हणून लिहिते. माझा मेकॅनिकल डिप्लोमा आहे, फर्स्ट क्लास. एका ठिकाणी क्वालिटीला मुलाखत चांगली झाली. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) सेट करून दाखवला, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सांगितले. शेवटी साहेब म्हणाले, "सेकंड शिफ्टला जमणार नाही ना तुला?" मी जमेल म्हटलं. "बघू, कळवतो." कळवलं नाही.

जून २०२३ पासून बायकांना बस फुकट आहे, सकाळी खानापूरहून बेळगावला येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. त्यातल्या कितीतरी जणी शिकलेल्या आहेत आणि कापडाच्या दुकानात उभ्या राहतात. पण रात्री ११ ला सुटल्यावर आमच्या गावाकडं गाडीच नाही. कारखान्यानं एक टेम्पो ट्रॅव्हलर लावली तर माणसं मिळत नाहीत हे रडगाणं निम्मं कमी होईल. आम्ही कागलला पळत नाही, आमचं घर इथं आहे.

कारखानदार, उद्यमबाग

ताई, गाडी एकट्याला परवडत नाही. वीस माणसांचं युनिट आहे माझं.

खानापूरची लेक

शेजारच्या चार युनिटांनी मिळून लावा की. वेळ सगळ्यांची एकच आहे, भोंगे पाच मिनिटांच्या फरकानं होतात.

निपाणीकर

आणि मार्क्सकार्डांचं काय?

कारखानदार, उद्यमबाग

तेवढंच धरून बसलात. बरं. ड्रॉवरमध्ये आहेत ती परत करतो, झेरॉक्स ठेवतो. पण वर्षाच्या आत सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांगायचं, हे मी लिहून घेणार. तेही चालत नसेल तर मग बोलायलाच नको.

टूलरूमवाला, मच्छे

एक महिन्याची नोटीस रास्त आहे. आता पगाराचा आकडा जाहिरातीत लिहा.

कारखानदार, उद्यमबाग

आकडा लिहिला तर आत असलेले सगळे उद्या माझ्या केबिनमध्ये.

टूलरूमवाला, मच्छे

म्हणजे आतल्या जुन्या माणसांना नव्या माणसापेक्षा कमी देता. साहेब, तुमची माणसं कागलला का जातात त्याचं उत्तर तुम्हीच दिलंत.

कारखानदार, उद्यमबाग

पुरे आता. सीएनसी टर्निंगला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथला) दोन जागा आहेत. हातात १६ हजार, पीएफ, ईएसआय. एक फ्रेशर चालेल, मोजमाप मी स्वतः घेणार. क्वालिटीला एक जागा आहे, जनरल शिफ्ट. खानापूरच्या ताईंना यायचं असेल तर बोअर गेज घेऊन बसतो. फेटलिंगला चार पाहिजेत, त्यावर इथल्या कुणी अजून उत्तर दिलेलं नाही.

निवृत्त निदेशक

फेटलिंगला धूळ ओढणारं यंत्र आहे काय तुमच्याकडं?

कारखानदार, उद्यमबाग

मास्क देतो.

निवृत्त निदेशक

यंत्र बसवा, मग माझ्याकडची दोन पोरं मी स्वतः घेऊन येतो.