पुढून-मागून इंजिन मोकळे केले की ताकद येते, हे टूरिंगच्या गाडीला लागू पडते का?

घाटमार्ग, सातारा

आपल्या टूरिंग गटात परवा एका सदस्याने रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर 650 ही दुचाकी वापरणाऱ्यांना सल्ला दिला आणि बऱ्याच जणांनी तो निमूटपणे मान्य केला, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. सल्ला थोडक्यात असा: कंपनीचा सायलेन्सर आणि एअरबॉक्स (इंजिनाला गाळलेली हवा पुरवणारा डबा) इंजिनाचा गळा आवळतात, म्हणून कॅट-कॉनसकट (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) सगळा एक्झॉस्ट उतरवून मोठ्या व्यासाचा मोकळा पाइप बसवावा, एअरबॉक्स काढून थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग) थेट उघडे कोन फिल्टर लावावेत आणि मॅपिंग (गाडीच्या संगणकातले पेट्रोलचे आकडे नव्याने बसवणे) "पैसे जमले की नंतर" करावे, मग गाडी पसरणी घाट चौथ्या गिअरमध्ये चढते.

हा सल्ला टूरिंग करणाऱ्याचे नुकसान करणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या इंजिनाची कमाल शक्ती सुमारे 47 बीएचपी आहे, पण ती 7,250 आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास मिळते. मागे सहप्रवासी आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या सॅडलबॅगा घेऊन पसरणी, आंबेनळी किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणातून बाहेर पडणारा माणूस 2,500 ते 4,000 आरपीएममध्ये असतो. कमाल 52 एनएम टॉर्कपैकी (चाक फिरवणारा जोर) सुमारे 80 टक्के 2,500 पासूनच मिळतो असे कंपनी सांगते, आणि तीच आपल्या कामाची गोष्ट आहे. पाइपाचा व्यास वाढवला की वायूचा वेग आणि दाबलाटेचा जोर घटतो. परत येणारी कमी दाबाची लाट सिलिंडरमधला उरलेला जळका वायू ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. पाइप आखूड केला की तिची वेळ वरच्या आरपीएमशी जुळते आणि खालच्या आरपीएमशी तुटते. म्हणजे फायदा होतो तो आपण क्वचित जातो तिथे, आणि तोटा होतो तो आपण दिवसभर असतो तिथे.

एअरबॉक्सलाही लोक उगाच नावे ठेवतात. त्याचा आकार आणि नळीची लांबी ठरवूनच मधल्या आरपीएमला सिलिंडर चांगले भरतात. शिवाय तो इंजिनाच्या गरम हवेपासून दूरची हवा घेतो. खंबाटकीच्या कोंडीत अडकलेल्या गाडीचा उघडा कोन फिल्टर इंजिनाचीच तापलेली हवा ओढतो, आणि हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. कासच्या बाजूची जांभ्याची लाल धूळ आणि ऊसतोडीच्या हंगामात कराडकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या उडवतात ती धूळ ज्याने पाहिली आहे, त्याला पावसापाण्याचे आणि धुळीचे वेगळे सांगायला नको.

सगळ्यात घातक आहे तो "मॅप नंतर" हा भाग. एकसारख्या थ्रॉटलवर ईसीयू (इंजिनाचा संगणक) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून मिश्रण सांभाळतो, हे खरे. पण थ्रॉटल पूर्ण उघडला की तो सेन्सर बाजूला ठेवून आपल्या तक्त्यातले आकडे वापरतो, आणि त्या तक्त्याला तुमच्या नव्या पाइपाची व फिल्टरची कल्पना नसते. हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते, मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. माझ्या एका मित्राने असेच करून चिपळूणहून भर उन्हात कुंभार्ली चढवला. पाटणला प्लग काढला तेव्हा पोर्सेलिन पांढरेफटक पडले होते आणि त्यावर अगदी बारीक करडे ठिपके दिसत होते. ते ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. नॉकिंग (मिश्रण आपोआप स्फोटासारखे पेटणे) सुरू झाल्याची याहून स्पष्ट खूण नाही.

गॅरेजवाला, सांगली

साहेब, मॅप नंतर करू नये हे आपले म्हणणे शंभर टक्के मान्य आहे आणि तो सल्ला देणाऱ्याने गाडी कधी उघडून पाहिली असेल असे मला वाटत नाही. पण एका चुकीच्या सल्ल्याच्या आधारे आपण हे सगळे कामच निकालात काढलेत, ते मला मान्य नाही. माझा व्यवसायच हा आहे.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या कमी थ्रॉटलवर प्रदूषणाच्या मर्यादेसाठी कमी पेट्रोलच्या काठावर चालवल्या जातात. सांगली-मिरज रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने जा. गाडी बारीक झटके मारते, थ्रॉटल सोडून पुन्हा धरला की धक्का बसतो आणि सिग्नलला मांड्या भाजतात. माझ्याकडे येणारे नव्वद टक्के टूरिंगवाले ताकद मागत नाहीत, हे झटके घालवून मागतात. मी एअरबॉक्स काढत नाही. त्याच एअरबॉक्समध्ये चांगल्या प्रतीचा धुता येणारा फिल्टर, कॅट-कॉन बेंड पाइपातच ठेवून फक्त मागचा स्लिप-ऑन सायलेन्सर, त्यात आवाज कमी करणारा डीबी किलर कायम, आणि पिगीबॅक नावाचे छोटे यंत्र, एवढेच करतो. पिगीबॅक हा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसून इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ काही टक्क्यांनी वाढवतो, त्यामुळे हवेचा दाब आणि तापमान पाहून कंपनीचा ईसीयू जी दुरुस्ती करतो ती तशीच राहते. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या 1,350 मीटर उंचीवर चढताना वेगळे काही करावे लागत नाही. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र) वाढ दोन-तीन बीएचपीची दिसते आणि त्याहून जास्त मी कोणाला कबूल करत नाही. पण गाडी लोण्यासारखी चालते, आणि दिवसभर हँडल धरणाऱ्याला त्याचे मोल कळते.

घाटमार्ग, सातारा

दादा, आपण प्रामाणिकपणे लिहिलेत म्हणून विचारतो. एकसारख्या थ्रॉटलवर ईसीयू ऑक्सिजन सेन्सर वाचतो. आपण पिगीबॅकने पेट्रोल वाढवले की सेन्सर "मिश्रण रिच आहे" असे सांगेल आणि ईसीयू ते पेट्रोल पुन्हा कापेल. म्हणजे आपल्याला सेन्सरचा संदेशही बदलावा लागतो. तो बदलला की कॅट-कॉन ज्या समतोल मिश्रणावर काम करतो ते मिश्रणच त्याला मिळत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल त्याच्यावर जाऊन तो तापतो. ज्या मांड्या आपण वाचवल्या, त्यांच्याखालीच ही उष्णता साठते. याचे उत्तर द्या.

कोरेगावकर

तुम्ही दोघेही पाइप आणि फिल्टर घेऊन बसला आहात, पण रोग पेट्रोलमध्ये आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉल मिसळले की हे प्रमाण 13.5 च्या जवळ येते. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे. माझी गाडी बीएस-4 आहे. हे नवे पेट्रोल आल्यापासून अव्हरेज पडले, थंडीत सकाळी गाडी धरत नाही आणि टाकीखालची रबरी नळी फुगून मऊ पडली. पंपावर साधे पेट्रोल मागायची सोय ठेवली नाही. ज्या गाड्या या इंधनासाठी बनल्याच नाहीत त्यांच्या मालकांना कोणी विचारले होते? आधी इंधन द्या, मग मॅपची भाषा करा.

ऊसकरी, कराड

कोरेगावकर, हे वाचून मला संताप आला आणि तो मी लपवणार नाही. आमच्या भागात कारखान्यांची बिले वेळेवर मिळण्यात डिस्टिलरीतल्या इथेनॉलच्या पैशाचा मोठा हात आहे. साखरेचे भाव पडले की एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) थकते, आणि ते आमच्या घरांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले तेव्हा कारखान्यांपुढे काय प्रश्न उभा राहिला, ते इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तुमच्या हौशीच्या गाडीचे अव्हरेज दोन किलोमीटरने घटले म्हणून तुम्ही एका पिकावर जगणाऱ्या दोन जिल्ह्यांना आरोपी करता?

आकडेच हवेत तर घ्या. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या दुचाकींचे अव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असे लिहिले आहे. कोणी काही दडवलेले नाही. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) पेट्रोलपेक्षा बराच जास्त आहे आणि बाष्प होताना ते हवेला जास्त गार करते. म्हणजे धाग्याच्या सुरुवातीला ज्या नॉकिंगची भीती घातली आहे, त्याच्याविरुद्ध हे इंधन उलट मदतच करते.

कोरेगावकर

मी शेतकऱ्याला आरोपी केलेले नाही, माझ्या घरीही ऊस आहे. शेतकऱ्याला पैसे मिळावेत आणि जुन्या गाडीवाल्याला दुसरा पर्यायही मिळावा, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. तीन-चार टक्के हा आराखड्यातला आकडा झाला. माझ्या टाकीत त्याहून जास्त फरक पडला आहे. ऑक्टेनचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मी मानतो. पण ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि इग्निशन जुन्या पेट्रोलसाठी बसवले आहे, त्याला जास्त ऑक्टेनचा फायदा उचलता येत नाही, आणि रबराचे उत्तर आपण दिलेलेच नाही. पावसाळ्यात महिनाभर गाडी अर्ध्या टाकीने उभी राहिली तर इथेनॉल हवेतला ओलावा धरते, त्याचेही नाही.

ऊसकरी, कराड

रबरी नळी बदला, ती काही शेकड्यांत येते. गाडी उभी करताना टाकी पूर्ण भरून ठेवा, म्हणजे आत ओल्या हवेला जागा राहत नाही. जुन्या गाडीवाल्यांसाठी वेगळा पंप असावा, या मागणीला माझा विरोध नाही. पण "रोग पेट्रोलमध्ये आहे" हे वाक्य मला मान्य नाही आणि होणारही नाही.

गॅरेजवाला, सांगली

आपण दोघांनी भांडता भांडता माझ्या कामाचा मुद्दा पुढे आणलात. 2022 मध्ये देशभरात सरासरी 10 टक्के इथेनॉल होते, आता 20 आहे. त्या वेळी मॅप केलेली गाडी पूर्ण थ्रॉटलवर आज सुमारे चार टक्के लीन चालते, कारण तिथे ईसीयू सेन्सर विचारत नाही. तेव्हा ज्यांनी जुना मॅप भरून ठेवला आहे त्यांनी तो आजच्या इंधनावर पुन्हा तपासून घ्यावा, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. इंटरनेटवरून उतरवलेला परदेशातला मॅप तर इथे कधीच भरू नये. तो वेगळ्या पेट्रोलवर बनलेला असतो.

घाटमार्ग साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर. होय, मिश्रण शुद्ध पेट्रोलच्या मापात 14.7 वरून 13.8 च्या आसपास आणण्यासाठी सेन्सरचा संदेश बदलावा लागतो, आणि होय, कॅट-कॉनचे काम त्यामुळे बिघडते. पण मी हा बदल 2,000 ते 3,500 आरपीएममधल्या हलक्या थ्रॉटलपुरताच ठेवतो, कारण झटके तिथेच असतात. बाकी ठिकाणी कंपनीचे काम कंपनीलाच करू देतो. सेन्सर कायमचा काढून टाकणाऱ्यांशी माझी तुलना करू नका.

शाहूपुरी, सातारा

इंजिनाचे मला फारसे कळत नाही, पण यवतेश्वर घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत राहते. कासच्या हंगामात शनिवार-रविवारी पहाटे पाचला फटाके फुटल्यासारखे आवाज करत गाड्या वर जातात. घरात सासरे हृदयरोगी आहेत. ते दचकून उठतात आणि पुन्हा झोपत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 च्या दुसऱ्या पोटकलमात आवाजाबद्दल पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि परवाना तीन महिने अपात्र ठरण्याची तरतूद आहे, आणि कलम 182अ मध्ये मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तुमच्या चर्चेत याचा एकदाही उल्लेख झाला नाही.

गॅरेजवाला, सांगली

ताई, आपला राग योग्य आहे. थ्रॉटल सोडल्यावर फुटणारे ते फटाके म्हणजे न जळलेले पेट्रोल गरम पाइपात पेटते, आणि बहुतेक वेळा मुद्दाम तसा मॅप भरलेला असतो किंवा पाइपाच्या जोडातून हवा शिरत असते. डीबी किलर काढून मागणाऱ्याला मी परत पाठवतो. डीबी किलर ठेवला तरी स्लिप-ऑन कायद्यात बसतोच असे नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

घाटमार्ग, सातारा

ताईंनी कायदा मांडला, तो मीच सुरुवातीला मांडायला हवा होता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. गॅरेजवाले दादा, आपले काम त्या सल्ल्यापेक्षा फार वेगळे आहे, एवढे मी मान्य करतो. तरीही झटक्यांसाठी आधी थ्रॉटल केबलचे प्ले (ढिलेपणा), चेनचा ताण, थ्रॉटल बॉडीचे सिंक (दोन्ही बाजूंचा मेळ) आणि एअर फिल्टरची सफाई तपासावी. यातले बरेचसे काम सर्व्हिसिंगच्या खर्चात होते आणि वॉरंटीला धक्का लागत नाही. ते सगळे करूनही गाडी झटके मारत असेल तर पुढचा विषय.

आपण पुण्याला डायनोवर गाडी लावता तेव्हा एकाच गाडीचे, एकाच दिवशी, त्याच पंपाच्या पेट्रोलवर, आधीचे आणि नंतरचे दोन आलेख इथे टाका. 7,000 च्या वरचा भाग झाकून ठेवला तरी चालेल. मला 2,500 ते 4,000 मधला टॉर्क पाहायचा आहे.

गॅरेजवाला, सांगली

टाकतो. पुढच्या आठवड्यात एक 650 येणार आहे, मालकाची परवानगी घेतो. हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारी रेषाही सोबत देतो, कारण तिच्याशिवाय टॉर्कचा आलेख अपुरा आहे. आणि खालच्या आरपीएमला तोटा दिसला तर तोही झाकणार नाही.