ग्रँट डफमधलं डफ कुठनं आलं?

कंदीपेढा: साताऱ्याचा पहिला रेसिडेंट, म्हणजे छत्रपतींच्या दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. ह्या इंग्रजाचं आडनाव नक्की कुठलं, ग्रँट का डफ?

माचीवरचा: इंग्रज नव्हे ओ, स्कॉटिश. १७८९ ला बॅन्फमध्ये जन्मला तो नुसता जेम्स ग्रँट, साताऱ्यात १८१८ ते १८२२ होता तेव्हाही कॅप्टन ग्रँटच. डफ आईकडचं, तिची ईडनची इस्टेट पुढं ह्याला मिळाली आणि तिकडं इस्टेटीबरोबर आडनावपण लावायची पद्धत, म्हणून जोडलं. १८२६ च्या इतिहासावर मग पूर्ण ग्रँट डफ छापलंय.

ढेबेवाडीकर: म्हणजे दत्तक न जाता आजोळचं नाव लागलं, भारीये 😄

कंदीपेढा: आणि अर्थ काय?

माचीवरचा: ग्रँट जुन्या फ्रेंचमधनं, मोठा नायतर उंच. डफ गेलिक, म्हंजे काळा. आपल्याकडचे काळेच की!