थोरलं घर ग्रुप : पंकजचं काम अन् आबांची शकुंतला

पंकज : सगळ्यांना नमस्कार. एकेकाला फोन लावण्यापेक्षा इथंच टाकतो. मी सेकंड लाइफमध्ये स्टेशनं, डबे, घरं बनवतो हे तुम्हाला माहीतच आहे. तिथं आगगाडीचं सामान विकणाऱ्या एका अमेरिकन बाईंनी मला कामाचं विचारलंय. आठवड्याला 20 तास, महिन्याचे 300 डॉलर. तीन वर्षं आवड म्हणून केलं. आता पैशासाठी करू का? खरं सांगा, टोमणे नको.

बाळूकाका : कोनता खेळ बे? मागच्या साली सरकारनं बंद नाई केले का ते?

पंकज : काका, ऑगस्ट 2025 मध्ये कायदा आला तो पैसे लावून जिंकायच्या खेळांवर. इथं जिंकणं-हरणं नाहीच. हे इंटरनेटवरचं एक जग आहे, 2003 पासून चालू. लोक जागा भाड्यानं घेतात, घर बांधतात, दुकान टाकतात, गाण्याचे कार्यक्रम करतात. कंपनी जमीन अन् आभाळ देते, बाकी जे दिसते ते माझ्यासारख्यांनी बनवलेलं.

बाळूकाका : अन् त्या घरात रायते कोन

छकुली : काका, दादानं त्याच्यात शकुंतला बनवली आहे!! पूर्ण गाडी. दारव्ह्याचं स्टेशनपण. ती चालते!

आबा : (व्हॉइस मेसेज, छकुलीनं लिहून टाकला) कोनती शकुंतला? आपली? यवतमाळ-मूर्तिजापूर?

पंकज : हो आबा, आपलीच. तुम्हाला दिवाळीत दाखवली होती, तेव्हा तुमचा चष्मा सापडत नव्हता.

मन्यादादा (नागपूर) : मुद्द्यावर ये. आतापर्यंत कमाई किती? आकडे टाक.

पंकज : मागच्या वर्षी 61 हजार लिंडन. तिथला पैसा तो. साधारण अडीचशे लिंडनला एक डॉलर धर, म्हणजे 240-245 डॉलर. त्यातून बाजारात विकलेल्या मालावर कंपनीचे 10 टक्के. वस्तूवर लावायचं चित्र चढवायचं तर एका चित्राला 10 लिंडन, आणि एका डब्याला अशी पाच-सहा चित्रं लागतात. वर दुकानाच्या जागेचं भाडं. हातात राहिले दीडशे डॉलर.

मन्यादादा : म्हणजे तेरा हजार रुपये. वर्षाचे. आणि लॅपटॉप बासष्टचा.

पंकज : हो.

मन्यादादा : 300 ला 80 तास, म्हणजे तासाला पावणेचार डॉलर. तिच्या देशात एवढ्यात कोणी झाडूही मारत नाही.

बाळूकाका : मन्या तिच्या देशातलं जाऊ दे. तासाला सव्वातीनशे होते ते. आमच्या वावरात बाई दिवसभर कापूस वेचते तवा एवढे पडते. मी म्हनतो घे.

रूपाताई (पुणे) : मी वाचलं होतं, त्या खेळात कोणीतरी करोडपती झाली म्हणून?

पंकज : अँशी चुंग. 2006 ची गोष्ट, एका मोठ्या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचं तिथलं रूप छापलं होतं. पण ती जमिनीत कमावली ताई. जमीन घ्यायची, सजवायची, तुकडे करून भाड्यानं द्यायची. खुर्च्या-डबे विकून कोणी तसं होत नाही.

बाळूकाका : पाहा. तिथंबी जमीनच. अन् आमचं पोट्टं डबे बनवून रायलं

बाळूकाका : बँक हाये का तिथं? ब्याज भेटते?

पंकज : होत्या काका. गिंको नावाची एक होती, भरमसाट व्याज द्यायची. 2007 मध्ये बुडाली, लोकांचे पैसे गेले. 2008 च्या जानेवारीत कंपनीनं व्याज देणाऱ्या असल्या बँकांवरच बंदी घातली.

बाळूकाका : म्हंजे आपल्यासारखंच हाये सगळं. आता समजलं मले.

भाऊजी (अमरावती) : पैसे येतील कसे?

पंकज : बाई डॉलरमध्येच देणार, पेपालवर. तिथून बँकेत.

भाऊजी : मग प्रत्येक वेळचा कागद सांभाळून ठेव आणि रिटर्न भर. नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर लागत नाही म्हणून भरायचंच नाही असं करू नकोस. उद्या कर्ज काढायला गेलास की पहिले तेच मागतात.

आई : वेळ कोनती म्हने ती बाई

पंकज : तिच्या सकाळी 10 ते दुपारी 2. आपल्याकडे आता हिवाळ्यात रात्री साडेअकरा ते पहाटे साडेतीन. तिकडची घड्याळं मार्चमध्ये बदलली की एक तास आधी.

आई : रातभर डोळे फोडनार अन् दिवसा वावरात जानार. हरभऱ्याले पानी द्याले रातची लाईन आली तं कोन जाईन? मागच्या आठवड्यात गेला तवा पायाजवळून साप गेला तं तीन दिवस सांगितलं नाई यानं.

बाळूकाका : साप धामन होता वहिनी

आई : धामन असो की नाग. अन् पोरीवाले आले तं काय सांगू? पोरगा काय करते? रातभर खोट्या गावात डबे जोडते?

छकुली : काकू, "अमेरिकेच्या कामाला आहे, घरूनच करतो" असं सांगायचं. चार तोळे जास्त मिळतील.

रूपाताई : छकुली. असलं गमतीतही बोलायचं नाही.

छकुली : सॉरी ताई

मन्यादादा : माझी खरी काळजी वेगळी आहे. 2021 मध्ये फेसबुकनं नाव बदलून मेटा केलं, तेव्हा आमच्या ऑफिसातले अर्धे लोक मेटाव्हर्सचे, म्हणजे असल्याच आभासी जगांचे, कोर्स करत होते. मायक्रोसॉफ्टचं अल्टस्पेस मार्च 2023 ला बंद झालं. गूगलचं लाइव्हली त्याच्याही आधीचं, 2008 च्या जुलैत आलं अन् डिसेंबरात गुंडाळलं. तू त्या एका जगावर नोकरी टांगणार, आणि कंपनीनं बटण बंद केलं की गाव, स्टेशन, दुकान सगळं गेलं.

पंकज : जाईल तेव्हा जाईल दादा. पण मी शिकलो ते ब्लेंडर, वस्तूंचे थ्रीडी आकार बनवायचं सॉफ्टवेअर. फुकट मिळते, आणि त्यात केलेलं काम कुठंही चालते, बांधकामवाल्यांच्या घरांच्या चित्रांतही. सिव्हिलचा डिप्लोमा करून दोन वर्षं साइटवर बारा हजारांत उन्हात उभा होतो, तिथं लेव्हल धरण्यापलीकडं कोणी काही शिकवलं नाही.

मन्यादादा : हे बाकी बरोबर.

आबा : (व्हॉइस) त्यात फाटक हाये का? शकुंतलेच्या गाडीतलाच मानूस उतरे, फाटक लावे, गाडी पुढं गेली की उघडे अन् पळत येऊन पुन्हा बसे.

पंकज : आहे आबा! तुम्ही सांगितलं होतं म्हणूनच केलं. गाडी फाटकापाशी आपोआप थांबते, मागच्या डब्यातून गार्ड उतरते. तिकडं आगगाडीचे वेडे खूप आहेत, त्यांनी रूळ टाकलेले आहेत, तासन् तास गाड्या चालवत बसतात. माझी गाडी अडीच फुटी रुळाची, हळू जाणारी. एक म्हातारा इंग्रज फक्त तो गार्ड पाहायला रोज येतो. त्या बाईंनीही तिथंच पाहिली.

पंकज : स्टेशनसाठी मी मोतीबागला, म्हणजे दारव्ह्याच्या स्टेशनला, चार वेळा सायकलनं गेलो. दाराची उंची टेपनं मोजली, कडीचा गंज सकाळच्या उन्हात वेगळा दिसतो म्हणून पुन्हा सात वाजता गेलो. सगळं मापात केलं अन् तिथं नेऊन ठेवलं, तर येणाऱ्याचं डोकं चौकटीत. तिथले लोक स्वतःला सात-सात फुटी करून घेतात. मग पूर्ण स्टेशन वाढवावं लागलं. पंधरा दिवस गेले त्याच्यात, पण असा मजा साइटवर एक दिवस नाही आला.

आई : हे मले कधी सांगितलं नाई

*हा संदेश हटवला गेला*

बाळूकाका : काय हटवलं पंकज

पंकज : काही नाही काका, चुकून.

शोभाकाकू : दुकानात गिऱ्हाईक होतं, आता वाचलं सगळं. टाइप कराले वेळ लागते म्हनून हळूहळू लिहिते.

शोभाकाकू : मी 2004 मधी मशीन घेतली तवा फक्त माह्या दोन पोरींचे फ्रॉक शिवायची. पायपिंग, झालर, खिशावर फूल. रात्री बारा बारा वाजे पन समजत नसे. मंग तुह्या काकाचं दुखनं निघालं अन् पैसा लागला. तालुक्याच्या एका दुकानदारानं शाळेचे ड्रेस दिले शिवाले. नगावर पैसे. दिवसाले बारा शर्ट, सगळे एकसारखे. पोरींचे फ्रॉक बंद झाले, त्याईले तयार आनले मी. तुम्हाले वाटन मी रडगानं सांगून रायली. नाई. त्या पैशानं दवाखाना झाला अन् मोठी नर्सिंगला गेली. आवड गेली म्हनून मले काही वाटलं नाई, पैसा आला तं आवड जाऊ दे असंच वाटलं.

शोभाकाकू : वाईट दुसरं वाटलं. अकरा वर्सं माह्या हातचे शर्ट तालुकाभर पोरं घालत होते. कॉलरीच्या आत चिठ्ठी दुकानदाराची. मी सोताचं दुकान टाकलं तं बाया मले म्हने, तुम्ही नवीन शिकल्या का? मले तं सांगताबी येईना का तुमच्या पोराच्या अंगात आहे तो माह्याच हातचा हाये.

शोभाकाकू : म्हनून पंकज, पैसा कमी का जास्त, रात का दिवस ते तू पाह्य. मले एक सांग, त्या डब्याच्या आत चिठ्ठी कोनाची लागनार?

(अर्धा तास ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. छकुलीनं मध्ये फक्त बोट वर केलेलं चित्र टाकलं.)

पंकज : काकू, मगा मी तेच लिहून काढून टाकलं होतं.

पंकज : तिथं कोणतीही वस्तू दाबली की माहिती उघडते. त्यात एक ओळ "निर्माता". ज्यानं वस्तू त्या जगात पहिल्यांदा चढवली त्याचं नाव. माल दहा हातांतून विकला गेला, मालक बदलले, तरी ती ओळ बदलत नाही. बाईंचं म्हणणं असं की मी ब्लेंडरमध्ये बनवून फाइल द्यायची, चढवायचं त्यांच्या खात्यावरून. म्हणजे निर्माता त्या. आणि सुरुवात शकुंतलेपासून करायची. माझी काढून घ्यायची, त्यांच्या दुकानात लावायची.

रूपाताई : हे पहिल्या मेसेजमध्ये का नाही लिहिलं?

पंकज : कारण लिहिलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. 300 डॉलर तर पाहिजेच आहेत ना ताई.

मन्यादादा : मी थोडं कडू बोलतो. मी नऊ वर्षं कोड लिहितो, एकाही ओळीवर माझं नाव नाही. पगार घेतला की माल त्यांचा, जगात सगळीकडं असंच आहे. नावापायी पंचवीस हजार सोडू नकोस.

शोभाकाकू : तुह्या पगारात पीएफ हाये, दवाखाना हाये. त्याले काय हाये?

मन्यादादा : तेही खरं काकू.

आबा : (व्हॉइस, दोन मिनिटं चौदा सेकंद) अरे ती शकुंतला तरी कोनाची होती? किलिक निक्सन, विलायतेची कंपनी. आपला कापूस मुंबईले अन् तिथून मँचेस्टरले न्याले टाकली लाईन. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, हे राहून गेली. इंजिन हाकनारे आपले, फाटक लावनारे आपले, तिकीट काढनारे आपले, अन् हिस्सा कंपनीले जाये. आमी पोट्टे होतो तवा आमाले वाटे गाडी आपलीच हाये. आता तू मोठ्या मेहनतीनं बनवली अन् पुन्हा तिकडंच देऊन रायला का?

बाळूकाका : आबा आज एकदम मैदानात

आई : आबाईचा बीपी वाढते, त्याईले जास्त बोलू देऊ नका

भाऊजी : मधला मार्ग काढ की. त्यांचा माल त्यांच्या नावावर, तुझा तुझ्या.

पंकज : तेच लिहून रायलो. हा मसुदा पाहा, मराठीत टाकतो, इंग्रजी मन्यादादा करेल. एक, तुम्ही सांगाल ते नवीन सामान बनवून फाइल देईन, ते तुमच्या नावावर. दोन, शकुंतला अन् मोतीबाग स्टेशन माझ्याच खात्यावर राहील, तुमच्या दुकानात ठेवायचं असेल तर विक्रीतला वाटा ठरवू. तीन, तास मोजून रात्री बसणार नाही, नगावर काम, आठवड्याला एक नग. पैसे 300 नाही, 220 चालतील.

मन्यादादा : 220 आधीच कशाला सांगतोस? 300 च लिही. कमी करायचं काम तिचं.

रूपाताई : आणि नग म्हणजे काय ते लिही. डबा एक नग की अख्खी गाडी एक नग? नाहीतर आठवड्याला गाडी मागेल.

शोभाकाकू : दुरुस्तीचंबी लिही. दोनदा उसवून देईन, तिसऱ्या वेळी पैसे. मी हे सहा वर्सांनी शिकली.

बाळूकाका : अन् नाई म्हटलं बाईनं तं?

पंकज : मग तेरा हजारवाला आहेच मी काका.

आई : जे करायचं ते कर, पन रातचं जागरन मले चालनार नाई. पोरीवाल्याले मी सांगीन काय सांगायचं ते.

मन्यादादा : इंग्रजी तुला वेगळं पाठवलं. दुरुस्तीची अट टाकली. पाहून धाड.

पंकज : धाडलं. 10:47. तिकडं आता सकाळचे सव्वानऊ, वाचलं असेल.

छकुली : उत्तर आलं???

पंकज : नाही.

छकुली : आता???

बाळूकाका : पंकज लाईन आली. बाहीर ये, बॅटरी घे. अन् बूट घाल.

पंकज : आलो काका.

आबा : (व्हॉइस) गाडी धूर सोडते का नाई ते पाह्यलं नाई मी. 94 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मंग डिझेल आलं. वाफेचंच ठेवजो. अन् उद्या सकाळी चष्मा लावून पुन्हा दाखव.