‘सगळी नसली तरी बहुतेक’ हे इंग्रजीत कसं लिहायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एका हळदीच्या पेढीवर पत्रव्यवहार बघते. शिक्षण मराठी माध्यमातलं, पण परदेशातल्या खरेदीदारांना मेल मीच लिहिते.

मागच्या आठवड्यात ३०० पोत्यांची ऑर्डर होती. राजापुरी हळकुंड, ५० किलोचं पोतं. २१० पोती शिवून गोडाऊनला लागली होती, ९० पोत्यांचा माल अजून पॉलिशला होता. खरेदीदाराने विचारलं, माल कुठवर आलाय? माझ्या मनात वाक्य होतं, ‘सगळी नसली तरी बहुतेक पोती तयार आहेत.’ मी लिहिलं, ‘मोस्ट, इफ नॉट ऑल, ऑफ द बॅग्ज आर रेडी.’ त्यांनी अर्थ घेतला की बहुतेक, किंबहुना सगळीच तयार आहेत, आणि कंटेनरची तारीख ठरवून टाकली. माल वेळेत गेला, पण माझ्या एका वाक्यापायी हमालांना रात्री अकरापर्यंत थांबावं लागलं. मालक काही बोलले नाहीत. मला मात्र झोप लागली नाही. शब्दाला शब्द लावून पाहिला तर वाक्य बरोबरच वाटतं. मग चुकलं कुठे?

आणखी एक. ‘ऑल्दो द रेन्स वेअर लेट, बट द कलर इज गुड’ असं लिहिलं की मालकांचा मुलगा दर वेळी ‘बट’ खोडतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही. ‘बट’ काढलं की मला वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद

ताई, मी साताऱ्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमचं वाक्य व्याकरणाने चुकलेलं नाही, म्हणूनच ते सापडत नाही. ‘इफ नॉट’चे इंग्रजीत दोन अर्थ होतात. एक तुमच्या मनातला, ‘सगळी नसली तरी’. दुसरा, ‘कदाचित सगळीसुद्धा’. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदावर कळत नाही. इंग्रजी मातृभाषा असणारेही इथे अडखळतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

तुम्हाला हवा तो अर्थ ‘दो नॉट ऑल’ने येतो: ‘मोस्ट, दो नॉट ऑल, ऑफ द बॅग्ज आर रेडी.’ ‘दो’च्या जागी ‘ऑल्बीइट’ही दिसेल. तो शब्द ‘ऑल बी इट’ यातून जुळला आहे, म्हणजे ‘तसं असलं तरी’. पुस्तकात शोभतो, धंद्याच्या मेलमध्ये जड होतो. खरं तर मालाच्या बाबतीत आकडाच द्यावा.

आता ‘बट’. मराठीत ‘जरी’ गाळता येतो, ‘तरी’ गाळता येत नाही. ‘पाऊस उशिरा आला तरी रंग चांगला आहे’ हे पुरं वाक्य झालं. ‘जरी पाऊस उशिरा आला, रंग चांगला आहे’ म्हणून बघा, कानाला खटकतं. म्हणजे आपला सगळा भार ‘तरी’वर. इंग्रजीत उलट आहे. ‘ऑल्दो’ सुरुवातीलाच सांगून टाकतो की पुढे विरोध येणार, मग सांध्यावर स्वल्पविराम पुरतो. आपल्या कानाला तिथे ‘तरी’ हवा असतो आणि हात ‘बट’ लिहून जातो. ‘ऑल्दो इट वॉज फॉगी, वी वेंट टू कास’ एवढंच म्हणायचं. किंवा ‘ऑल्दो’ काढा आणि ‘बट’ ठेवा. दोन्ही एकत्र नकोत.

मूळ प्रश्नकर्ती

सर, खूप आभार. ‘तरी’चं असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. आता ‘डिस्पाइट’चंही विचारते. ‘पाऊस पडत असूनही आम्ही ट्रक भरला’ याचं मी ‘डिस्पाइट ऑफ रेनिंग, वी लोडेड द ट्रक’ केलं होतं.

प्रतिसाद

‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट ऑफ’ला लागतो, ‘डिस्पाइट’ला कधीच नाही. पण खरी अडचण ‘रेनिंग’मध्ये आहे. मराठीतल्या ‘असूनही’ला दोन वेगळे कर्ते चालतात, पडणारा पाऊस आणि भरणारे आपण. इंग्रजीत ‘डिस्पाइट’नंतर असं नुसतं आयएनजी रूप आलं की त्याचा कर्ता पुढच्या वाक्यातलाच धरतात. म्हणजे पाऊस आपणच पाडत होतो असं झालं. ‘डिस्पाइट द रेन’ लिहा, नाम आलं की प्रश्न मिटला. ‘डिस्पाइट वर्किंग टिल इलेव्हन’ मात्र चालेल, कारण काम करणारे आणि पुढच्या वाक्यातले ‘वी’ एकच.

आणि कुठला भाग शेवटी ठेवता तेही बघा. ‘ऑल्दो द प्राइस इज हाय, द कलर इज एक्सलंट’ वाचणाऱ्याच्या मनात रंग राहतो. उलटं लिहिलंत तर भाव राहतो.

मूळ प्रश्नकर्ती

आज नवीन ऑर्डरचा मेल जायचा आहे. असं लिहिलंय: ‘डिस्पाइट द लेट रेन्स, द कलर इज एक्सलंट. मोस्ट, दो नॉट ऑल, ऑफ द बॅग्ज आर रेडी: १६० आउट ऑफ २४०.’ पाठवू का?

प्रतिसाद

पाठवा. ‘दो नॉट ऑल’च्या दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम तेवढे राहू द्या.