मदत हवी आहे: दवाचा थेंब स्पष्ट येतोय, त्यातलं फूल मात्र धूसर

पहाटवेडी
आज सलग चौथी पहाट वाया गेली. गवताच्या पात्याच्या टोकाला थेंब, मागे जरबेरा आणि थेंबात ते फूल इवलंसं, असा फोटो हवाय. थेंबाची कड आणि पात्यावरची लव मोजता येईल इतकी स्वच्छ येते, पण आत फूल म्हणून जे दिसतं तो नुसता पिवळा डाग. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ पासून अगदी बारीक एफ/२२ पर्यंत सगळं करून झालं. ऊन चढलं की थेंब जातो, हाताशी जेमतेम अर्धा तास असतो आणि रविवारी स्पर्धेसाठी फोटो द्यायचाय. काय चुकतंय? प्लीज लवकर सांगा.

जुनी_फिल्म
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, ट्रायपॉड आहे का, फोकस ऑटो की मॅन्युअल, फूल थेंबापासून किती लांब? यातलं काहीच लिहिलेलं नाही. फोटोही डकवलेला नाही. अंदाजाने काय सांगणार?

रानवारा
रिव्हर्स रिंग घ्या. साधी ५० मिमी लेन्स उलटी लावायची, बस. मी तीन वर्षं यावरच काम करतोय, मुंगीच्या मिशासुद्धा येतात. महागड्या लेन्सची गरजच नाही.

पहाटवेडी
@रानवारा, लेन्सबद्दल विचारलंच नव्हतं. इतक्या जवळून, म्हणजे मॅक्रो फोटो काढायचा म्हटल्यावर मॅक्रो लेन्स असणारच, म्हणून वेगळं लिहिलं नाही.
@जुनी_फिल्म, १०० मिमी मॅक्रो, क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर, ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर. ऑटोफोकस, मधला बिंदू थेंबावर. फूल चिमट्यात धरलंय, वीतभर मागे असेल.

तिपाईकर
एफ/२२ आधी सोडा. १:१ वर, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची येते तेव्हा, लेन्स इतकी पुढे सरकलेली असते की एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळाच फोटो मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाऊ नका. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र) मोठा करून हाताने फोकस करा. ऑटोफोकसला थेंबाची कड सापडते आणि तिथेच तो थांबतो.

गोठलेला_क्षण
त्यापेक्षा ग्लिसरीन वापरा. निम्मं पाणी, निम्मं ग्लिसरीन, बारीक सुईच्या सिरिंजने पात्यावर थेंब सोडा. तासभर हलत नाही, वाळत नाही. पहाटे उठायचीही गरज नाही.

निर्मळ
मग त्याला दवाचा फोटो म्हणू नका. दव म्हणजे निरभ्र रात्री पान थंड होऊन हवेतल्या बाष्पाने त्यावर धरलेलं पाणी. घरात सिरिंजने लावलेला थेंब म्हणजे सरळसरळ फसवणूक आहे.

गोठलेला_क्षण
फसवणूक कसली? खाली लिहितो ना ग्लिसरीन म्हणून. स्पर्धेचे नियम काय आहेत ते धागाकर्तीला ठाऊक. तुम्ही फूलही चिमट्याला लावू देणार नाही का?

पानफुटी
अवांतर होईल, पण राहवत नाही. गवताच्या अगदी टोकाला रांगेने जे टपोरे मणी दिसतात ते बऱ्याचदा दव नसतातच. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, पानांतून बाष्प फारसं उडत नाही, मग मुळांच्या दाबाने ते पाणी पात्याच्या टोकाच्या छिद्रांतून बाहेर येतं. याला गटेशन म्हणतात. दव पसरलेलं असतं, पात्याच्या अंगभर बारीक बारीक. @निर्मळ, तुमच्या संग्रहातले टोकावरचे थेंब पुन्हा एकदा बघा.

निर्मळ
माहितीबद्दल आभार. तरी ते पाणी गवताचं स्वतःचं आहे, बाटलीतलं नव्हे.

भिंगकाच
मूळ प्रश्नाकडे येऊ या. ताई, तुम्ही थेंबावर फोकस करताय आणि फूल थेंबावर नाहीच. थेंबातही नाही. ते थेंबाच्या पुढे, तुमच्या बाजूला, हवेत आहे.

गोल थेंब म्हणजे बहिर्वक्र भिंगच. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.३३, त्यामुळे थेंबाचं नाभीय अंतर केंद्रापासून त्रिज्येच्या जवळपास दुप्पट. थेंब ४ मिमी व्यासाचा धरला तर फुलाची उलटी, वास्तव प्रतिमा केंद्रापासून साधारण ४ मिमी अंतरावर पडते, म्हणजे पृष्ठभागाच्याही २ मिमी पुढे. १:१ वर एफ/११ ठेवलं तरी क्रॉप सेन्सरवर डेप्थ ऑफ फील्ड (जेवढी खोली स्पष्ट येते ती) जेमतेम एक मिलिमीटर. कड पकडली की फूल जाणारच, कितीही पहाटा घालवा.

उपाय: फोकस रिंगला हात न लावता कॅमेरा रेलवर (कॅमेरा पुढेमागे सरकवायच्या पट्टीवर) मिलिमीटर-मिलिमीटर मागे घ्या. कड मऊ होत जाईल आणि एका जागी पाकळ्या वेगळ्या दिसायला लागतील.

रानवारा
हे पटत नाही. फूल थेंबाच्या आतच दिसतं, डोळ्यांनी दिसतं. बाहेर हवेत कसं असेल?

भिंगकाच
करून बघा. काचेची स्वच्छ गोटी घ्या, दिवसा खिडकीसमोर धरा आणि अलीकडच्या बाजूने बटर पेपरचा तुकडा तिला टेकवा. आता कागद हळूच मागे घ्या. गोटी सोडून चार-पाच मिलिमीटरवर खिडकी कागदावर उलटी उमटेल, गजांसकट. आत असती तर कागदावर आली नसती.

@गोठलेला_क्षण, ग्लिसरीनचा एक फायदा तुम्ही सांगितलाच नाही. शुद्ध ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७ आहे, त्यामुळे प्रतिमा थेंबाच्या आणखी जवळ येते, केंद्रापासून त्रिज्येच्या साधारण दीडपट. कड आणि फूल यांतलं अंतर तेवढं कमी.

रानवारा
गोटी करून बघितली. गज दिसले, उलटे. मान्य.

तिपाईकर
फुलाचं अंतर बदलायची गरज नाही, एवढं जोडतो. १० सेंमीचा जरबेरा २० सेंमी मागे असेल तर ४ मिमीच्या थेंबात तो २ मिमीचा दिसतो, निम्मा थेंब भरतो. जवळ आणलात तर पाकळ्या कापल्या जातील.

जुनी_फिल्म
फ्लॅश वापरताय का? थेंबावर पडला तर पांढरा ठिपका नेमका फुलावर बसतो. प्रकाश फुलावर पाडा, थेंबावर नको.

पहाटवेडी
आज पहाटे रेल नव्हती म्हणून ट्रायपॉडखाली लाकडी फळी घेतली आणि ती बोटाने मागे ढकलली. तिसऱ्या-चौथ्या ढकलण्यात पिवळ्या डागाच्या अचानक पाकळ्या झाल्या, मधली तपकिरी चकतीसुद्धा. खरं सांगते, श्वास रोखून बघत होते. @भिंगकाच, चार दिवस मी चुकीच्या जागी बघत होते. @जुनी_फिल्म, फ्लॅश नाही, नुसतं उजाडतानाचं ऊन.

आता दोन अडचणी. फूल आलं तर थेंबाची कड गेली. आणि देठ वर, फूल खाली असं उलटं दिसतंय.

भिंगकाच
देठासाठी खरं फूलच चिमट्यात उलटं धरा. कडेसाठी स्टॅकिंग: फुलापासून कडेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने आठ-दहा फ्रेम घ्या आणि नंतर जोडा.

निर्मळ
जोडकाम न करता थेंबाची कड मऊच राहू दिली तरी चालेल. बघणाऱ्याची नजर फुलावरच जाते.

पहाटवेडी
नऊ फ्रेम घ्यायला बसले, पाचव्याला वारा आला आणि थेंब गळून पडला. शेजारच्या पात्यावर दुसरा होता, त्याच्या दोनच घेतल्या, एक फुलावर आणि एक कडेवर, आणि त्या जोडल्या. स्पर्धेत जोडलेला फोटो चालतो, नियम वाचून खात्री केली. फूल उलटं धरलं होतं, त्यामुळे थेंबात सरळ आलंय. फोटो संध्याकाळी इथेच टाकते. कडेच्या डाव्या बाजूला जोडाची एक पुसट रेघ राहिलीय, ती कशी घालवायची तेवढं कुणी सांगा.