मोठ्यांसाठीचा स्पेस कॅम्प, हंट्सव्हिल: तयारी नेमकी कशाची करायची?

आकाशकंदील

मे महिन्यात अटलांटाला मुलीकडे मुक्काम आहे. तेवढ्यात अलाबामातल्या हंट्सव्हिलला जाऊन तिथल्या अंतराळ संग्रहालयाच्या स्पेस कॅम्पचा (अंतराळवीरांच्या सरावाची चव देणाऱ्या शिबिराचा) मोठ्यांसाठीचा शनिवार-रविवारचा कार्यक्रम करावा, असं ठरत आलंय. वय ५२, चष्मा आहे, रक्तदाबाची एक गोळी रोज. बसमध्ये मागच्या सीटवर बसलं की खंबाटकी घाटात मळमळतं.

विचारायचं ते असं: त्या गोल गोल फिरवणाऱ्या तीन कड्यांच्या यंत्रात माझी काय गत होईल? आधी दोन महिने व्यायाम करावा लागेल का? आणि तिथे वजनरहित अवस्था खरंच अनुभवता येते का? 'मुलांचं आहे ते, मजा येईल' यापलीकडची माहिती कोणी दिली तर बरं होईल.

कक्षाभ्रष्ट

आधी घाटाचं बघू, कारण सगळे त्यालाच घाबरतात.

तुम्ही म्हणताय ते मल्टी-ॲक्सिस ट्रेनर. एकात एक अशी कडी, मधे खुर्ची, पाय-कंबर-खांदे पट्ट्यांनी बांधलेले. आपल्या कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. एकाच दिशेने बराच वेळ फिरलात की तो द्रवही त्या वेगाने फिरायला लागतो. तुम्ही थांबता, द्रव थांबत नाही, आणि खोली फिरायला लागते. या यंत्रात दिशा सारखी बदलते, त्यामुळे द्रवाला कुठलाच वेग पकडायला सवड मिळत नाही. शिवाय पोट साधारण फिरण्याच्या केंद्राशी राहतं. म्हणून जत्रेतल्या पाळण्यात हमखास ओकणारी माणसंही यातून बहुतेक वेळा धड उतरतात. घाटातलं मळमळणं वेगळं. तिथे डोळे सांगतात 'स्थिर', कान सांगतात 'वळतोय', आणि ते भांडण तासभर चालतं. इथे एक-दोन मिनिटांत खेळ आटोपतो.

बिघडतं ते बहुधा मान हलवल्याने. शरीर एका अक्षात फिरत असताना तुम्ही डोकं दुसऱ्या अक्षात वळवलं, मित्राला हात करायला म्हणा किंवा फोटोसाठी म्हणा, की कानातल्या दोन नळ्या एकदम खोटं बोलायला लागतात. डोकं मागे टेकवून ठेवा, जबडा सैल, श्वास चालू. खिसे रिकामे करा. चष्मा काढून द्या.

या यंत्राचा पूर्वज मात्र एवढा सौम्य नव्हता. १९६० मध्ये क्लीव्हलंडच्या नासाच्या लुईस केंद्रात मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेच्या सातही अंतराळवीरांना तिन्ही अक्षांत एकदम, मिनिटाला ३० फेऱ्यांपर्यंत फिरवत. नायट्रोजनचे झोत सोडून ते फिरणं त्यांनी स्वतः थांबवायचं असे. अशी वेळ पुढे खरंच आली: १६ मार्च १९६६ ला जेमिनी ८ या यानाचा एक थ्रस्टर (यान वळवणारं छोटं इंजिन) चालू स्थितीत अडकला, यान सेकंदाला सुमारे एक फेरी घ्यायला लागलं, आणि नील आर्मस्ट्राँगने परतीसाठी राखलेले थ्रस्टर वापरून ते थांबवलं. कॅम्पच्या यंत्रात तुमच्या हातात काहीच नसतं, तुम्ही नुसते प्रवासी. हा फरक कळला की त्या यंत्राचा बाऊही राहत नाही आणि कौतुकही बेताचंच राहतं.

रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना फक्त 'फिरायला चाललोय' न सांगता 'उलटं टांगतील, झटके बसतील' असं स्पष्ट सांगा. मानेचा स्पाँडिलायटिस, दृष्टिपटल सुटल्याचा इतिहास, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यातलं काही असेल तर यंत्राबाहेर उभं राहून फोटो काढणं हेच शहाणपण. मळमळीची गोळी घ्यायची तर तीही विचारूनच, आणि घरी एकदा घेऊन बघा. बहुतेक गोळ्यांनी पेंग येते, आणि सिम्युलेटरमध्ये पेंगणारा पायलट कोणालाच नको असतो.

चेकलिस्टवाली

वरचं सगळं बरोबर, पण यंत्रांवर एवढं बोलून झालं की खरी गोष्ट राहून जाते. यंत्रांवरची तुमची पाळी काही मिनिटांची. कॅम्पचा कस लागतो तो मिशनच्या सरावात: कोणी यानाच्या कॉकपिटमध्ये, कोणी स्थानकात, कोणी मिशन कंट्रोलमध्ये (म्हणजे जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात), कानावर हेडसेट आणि हातात जाडजूड चेकलिस्ट. तिथे दंड कितीही कमावलेले असोत, उपयोग शून्य. त्यामुळे व्यायामाचं उत्तर: रोज अर्धा तास भरभर चालणं आणि उकिडवं बसून उठता येणं, बास. उरलेला वेळ यात घाला:

१. मोठ्याने, सावकाश इंग्रजी वाचण्याचा सराव. हाक मारताना आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग स्वतःचं: 'ह्यूस्टन, ओरायन' (ह्यूस्टन म्हणजे मिशन कंट्रोल, ओरायन म्हणजे यान). उलटं केलंत की समोरच्याला आपल्याला हाक मारली हे कळेपर्यंत निम्मं वाक्य संपलेलं असतं.

२. आकडे एकेक सुटे बोला. 'थर्टीन' आणि 'थर्टी' हेडसेटमध्ये सारखेच ऐकू येतात, आपल्या उच्चारात तर जास्तच. 'वन-थ्री', 'थ्री-झीरो'. मराठी माणसाचा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच असतो, तेव्हा 'व्हॉल्व्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा.

३. 'ओके' हा शब्द विसरा. 'कॉपी' म्हणजे ऐकलं. 'विल्को' म्हणजे ऐकलं आणि करतो. 'ओके'चा अर्थ दोन्हीपैकी काहीही असू शकतो, आणि सरावातली निम्मी गडबड तिथेच सुरू होते. स्विचबद्दलची सूचना असेल तर ती परत उच्चारून दाखवा, मगच हात लावा.

४. चेकलिस्टच्या ओळीवर बोट ठेवा आणि पायरी झाल्याशिवाय बोट हलवू नका. माणसं चुकतात ती न समजल्यामुळे नाही, तर मागे पडलो असं वाटून दोन ओळी गाळल्यामुळे. नासाच्या स्पेस शटल यानाच्या खऱ्या उड्डाणात साधारण दोन मिनिटांनी घन इंधनाचे बूस्टर सुटत आणि साडेआठ मिनिटांनी मुख्य इंजिनं बंद होत. म्हणजे चढाईचा सगळा कारभार साडेआठ मिनिटांत. उशीर झाला तर 'अमुक पायरीवर आहे' असं सांगा. गाळून पुढे जाल तर तीन पानांनंतर एखादा दिवा लागत नाही आणि का लागत नाही हे कोणालाच कळत नाही.

५. बिघाड मुद्दाम घातले जातात. दिवा लाल झाला की चारही माणसं त्या दिव्याकडे बघतात आणि यान चालवायला कोणीच उरत नाही. एकाने चालवायचं, एकाने पुस्तक उघडायचं, एकाने खाली कळवायचं. हे आधीच वाटून घ्या.

भूमिकेची पसंती विचारली तर बहुतेक जण कमांडर मागतात. माझं मत विचाराल तर मिशन कंट्रोल मागा. कॉकपिटमध्ये तुम्हाला तुमच्यासमोरचं पॅनल दिसतं, तिकडे सगळं उड्डाण दिसतं.

बाहेर 'स्पेसवॉक'ची पाळी आली तर चष्म्याला मागून इलॅस्टिकची दोरी लावा. हेल्मेट चढल्यावर घसरलेला चष्मा बोटाने वर ढकलता येत नाही, आणि सूटमध्ये उकडतं, त्यामुळे तो घसरतोच.

निमसरकारी

व्यायामाबद्दल +१. चंद्राच्या खुर्चीबद्दल थोडं लिहितो.

चंद्रावरच्यासारखं चालायला लावणारी ही एक-षष्ठांश गुरुत्वाची खुर्ची तुमच्या वजनाप्रमाणे तोलून घेतात. ७२ किलोच्या माणसाला १२ किलोचा असल्यासारखं वाटतं. गंमत अशी की वजन १२ झालं तरी वस्तुमान ७२च राहतं. उडी सहज बसते, थांबणं मात्र सहज नाही. ज्या खुणेपाशी थांबायचं तिच्या दोन-तीन पावलं आधी टाचा रोवून मागे रेला. नेहमीसारखी चालायची चाल तिथे निकामी, कारण पाय जमिनीवर पुरेसे दाबलेच जात नाहीत. अंग पुढे झुकवून लंगडीसारखी लांब झेप, किंवा सशासारख्या दोन्ही पायांच्या उड्या. अपोलोवाले, म्हणजे चंद्रावर गेलेले अंतराळवीर, याच दोन चालींवर आले होते. सरळ वर उडी मारायचा मोह टाळा, पुढे सरकायला त्याचा उपयोग नाही.

हवेच्या गादीवर तरंगणारी दुसरी खुर्ची मिळाली तर सोडू नका. तीत पुढे-मागे, डावी-उजवी आणि तिन्ही अक्षांत फिरणं जमतं, वर-खाली तेवढं नाही. म्हणून तिचं नाव पाच मुक्तमात्रांचं, म्हणजे पाच प्रकारे हलण्याची मुभा. भिंतीवरचा बोल्ट पिळायला जा, बोल्ट जागच्या जागी आणि तुम्ही फिरताय! आधी एका हाताने दांडा धरायचा, मग दुसऱ्याने काम. अंतराळात हत्यारापेक्षा धरायला जागा महत्त्वाची का, ते एका मिनिटात कळतं.

फटाकेवाला_काका

छोटं रॉकेट बनवायला दिलं तर घाईत फुकट घालवू नका.

इंजिनावर 'बी६-४' असं काही लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले तो टिकण्याचा वेळ): बी असेल तर २.५ ते ५ न्यूटन-सेकंद, आणि पुढचं प्रत्येक अक्षर त्याच्या दुप्पट. ६ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये. ४ म्हणजे जळणं संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकणारा बार किती सेकंदांनी उडतो ते.

रॉकेट फसतं ते बहुधा याच चार कारणांनी. एक, पॅराशूट आणि इंजिन यांच्यामध्ये न जळणारा कागद घालायचा राहतो किंवा एकच चिटोरा कोंबतात. तीन-चार कागद सैलसर चुरगाळून नळी भरेल असे घाला, नाहीतर गरम वायूने प्लास्टिकचं पॅराशूट वितळून त्याचा गोळा होतो. दोन, पॅराशूट घट्ट गुंडाळणं. तीन, पंख तिरके चिकटवणं. लाकडाचा गोंद पातळ लावा, पंख नळीला समांतर आहे का ते मागून एक डोळा मिटून बघा, सुकल्यावर कडेने दुसरा हात द्या. चार, पेटवणीची तार इंधनाला टेकलेली नसणं. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर दहातल्या नऊ वेळा हेच. अशा वेळी लगेच धावत जायचं नाही. आधी बटणाच्या पेटीची किल्ली काढायची, एक मिनिट थांबायचं.

गुरुत्वमध्य (जिथे रॉकेट बोटावर तोललं जातं) हा हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा (जिथे हवेचा जोर एकवटतो) पुढे, निदान नळीच्या एका व्यासाएवढा हवा. इंजिन बसवून गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधा आणि रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर सोडा. आडवं किंवा शेपटी पुढे करून फिरलं तर नाकात थोडी माती भरा.

आकाशकंदील

सगळ्यांचे आभार. वजनरहित अवस्थेचं मात्र कोणीच बोललं नाही.

कक्षाभ्रष्ट

कारण कॅम्पात ती नाही. जवळपास जाणारी गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी: साधारण ७ मीटर खोल, ठरावीक कार्यक्रमांतच असते, आरोग्याचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. तिथेही तुम्ही पाण्यात तोललेले असता, कानातल्या द्रवाला मात्र गुरुत्व लागतच असतं. सर्दी असेल तर उतरू नका. कानाचा दाब पहिल्या मीटरपासून बाहेरच्या दाबाशी जुळवत जायचा, दुखायला लागल्यावर नव्हे. आणि वर आल्यावर निदान १२ तास विमानात बसायचं नाही. तुम्ही मोटारीने परतणार, त्यामुळे ती अडचण नाही.

खरी वजनरहित अवस्था हवी तर पॅराबोलिक विमान. अमेरिकेत झीरो-जी कंपनीचं बोइंग ७२७, फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेरिन्याकहून नोव्हस्पेसचं एअरबस ए३१०. विमान नाक वर करून चढतं, तेव्हा १.८ जी, म्हणजे नेहमीच्या १.८ पट वजन. मग इंजिनांचा जोर कमी करून फेकलेल्या दगडाच्या वाटेने जातं, तेव्हा सुमारे २०-२२ सेकंद तुम्ही तरंगता, आणि पुन्हा १.८ जी. हौशी प्रवाशांना अशा १५ झेपा, त्यांतल्या पहिल्या तीनेक मंगळ किंवा चंद्राएवढ्या गुरुत्वाच्या. म्हणजे तरंगण्याची सगळी बेरीज चार-साडेचार मिनिटं, आणि पैसे कॅम्पच्या कितीतरी पट.

तुमच्या घाटाचा प्रश्न खरा इथे येतो. १.८ जी लागत असताना पाठीवर पडून छताच्या एका बिंदूकडे बघायचं, मान अजिबात वळवायची नाही. तरंगताना पोहल्यासारखे पाय मारू नका. हवेत पकडायला काही नसतं, लाथ तेवढी शेजाऱ्याच्या नाकावर बसते. 'पाय खाली' असा पुकारा झाला की लगेच पाय जमिनीकडे. छताशी असताना १.८ जी परत आला तर तुम्ही जवळजवळ दुप्पट वजनाने खाली येता. पोट रिकामंही नको आणि मिसळ खाऊनही नको. कोरडा टोस्ट, केळं, एवढंच.

चेकलिस्टवाली

थोडं व्यवहाराचं. पर्यटक व्हिसावर पदवीसाठी न धरला जाणारा हौसेचा छोटा अभ्यासक्रम चालतो. पण विमानतळावर 'ॲस्ट्रॉनॉट ट्रेनिंग' असं सांगून अधिकाऱ्याची उत्सुकता चाळवू नका. 'संग्रहालयाचा वीकेंड प्रोग्रॅम' हे जास्त खरं आणि जास्त सोपं. कपडे: पँट किंवा ट्रॅकसूट, बंद बूट. पट्टे मांड्यांमधून जातात, म्हणून साडी, सैल सलवार, ओढणी नको. मंगळसूत्र, लांब कानातली खोलीतच ठेवा. शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच लिहा, आणि 'व्हेजिटेरियन' एवढंच न लिहिता अंडं चालतं की नाही तेही लिहा.

अवांतर: यंत्रांच्या नादात तिथल्या संग्रहालयातलं सॅटर्न ५, म्हणजे माणसं चंद्राकडे नेणारं रॉकेट, घाईत बघू नका. खरं उड्डाणयोग्य यान जसं असे तसं जोडून कंपनांच्या चाचण्यांसाठी वापरलेला तो नमुना आहे. ३६३ फूट, छताखाली आडवा ठेवलेला. तळाच्या पाच इंजिनांपासून टोकापर्यंत सावकाश चालत जा, मधल्या प्रत्येक टप्प्याच्या सांध्याशी थांबा.

अटलांटाहून मोटारीने साधारण चार तास. हंट्सव्हिल अटलांटापेक्षा एक तास मागे आहे, म्हणून जाताना तास हाती लागतो आणि येताना जातो. परतीच्या दिवशी मुलीला जेवायला थांबवणार असाल तर हे आधी सांगून ठेवा.